उन्हाळी सुट्टी, मुक्काम घरीच

जुलै संपत आला की जर्मनीत ओळखीचा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो: यंदा कुठे? कुणी इटलीच्या समुद्रावर, कुणी क्रोएशियाला, कुणी गाडीमागे फिरतं घर जोडून थेट नॉर्वेला. आपल्याकडून येणारी पाहुणेमंडळी पंधरा दिवसांत सहा-सात देश करतात, आणि सुरुवातीची वर्षं आम्हीही तसेच फिरलो. त्यात आनंद होताच. पण ज्या श्टुटगार्टमध्ये आपण राहतो, त्याच्या भोवतीचा श्वाबेनचा मुलूख कामावर जातायेता जेवढा दिसतो तेवढाच ठाऊक असावा, हे मला बरेच दिवस खटकत होतं. यंदा दोघांची रजा एकाच आठवड्यात जुळली तेव्हा ठरवलं, बॅगा भरायच्याच नाहीत. सकाळी डबा घेऊन निघायचं आणि रात्री आपल्याच घरी झोपायला यायचं.

गाडी आमच्याकडे नाही, तिची गरजही पडली नाही. २०२३च्या मे महिन्यात सुरू झालेलं डॉइचलांड-टिकीट दोघांकडे आहे. महिन्याचे ठरावीक पैसे भरले की देशभरातल्या लोकल, रीजनल गाड्या, ट्राम आणि बस त्यात येतात. वेगाच्या गाड्या त्यात नाहीत, पण आम्हाला वेग नकोच होता.

शनिवार

आदल्याच दिवशी श्रावण लागला होता. पहिला दिवस बाजाराचा. इथं रविवारी दुकानं बंद असतात आणि ही नुसती रीत नाही, रविवारच्या विश्रांतीला राज्यघटनेचं संरक्षण आहे. त्यामुळे शनिवारी सगळ्या गावाची एकच लगबग असते. आम्ही आधी रिकाम्या बाटल्या परत केल्या. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या प्रत्येक बाटलीमागे २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात बाटल्या घालायच्या, पावती घ्यायची आणि ती बिलातून वळती करायची. मग मार्केट हॉल. ही १९१४ सालची मंडई आहे, वर काचेचं छप्पर, खाली आखीव गाळे. लाल करंट, गूसबेरी, काळसर चेरी, पहिली जर्दाळू अशी फळं मांडलेली. इथली फळं मोसम धरून येतात आणि मोसम धरून जातात. जूनअखेर पांढरा श्पार्गेल (ॲस्परॅगस) संपतो म्हणजे संपतो, मग कुणी तो मागतही नाही. मला ही शिस्त फार आवडते. कोकणात हापूसचे दिवस संपले की माणूस निमूट फणसाकडे वळतो, त्याच जातीचं हे समाधान आहे.

आपला बाजार मात्र श्रीलंकेच्या तमिळ दुकानात. १९८३ नंतर यादवीमुळे देश सोडून जी तमिळ कुटुंबं इथं आली, त्यांच्यामुळे आज आम्हाला कढीपत्ता, पडवळ, दोडका, भेंडी, साबुदाणा मिळतो. दुकानदारीणबाई कढीपत्ता नेहमी मूठभर जास्त घालतात. त्यांच्या हातच्या त्या मुठीवर आमच्या कितीतरी फोडण्या झाल्या आहेत.

दुपारी जिना. या आठवड्याची केअरवोखे आमची होती. श्वाबेनमध्ये भाड्याच्या इमारतीत पाळीपाळीनं जिना, तळघराची वाट आणि समोरचा फुटपाथ झाडायची पद्धत आहे. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला छोटी पाटी अडकवलेली असते. हिचं मूळ पंधराव्या शतकातल्या शहराच्या कायद्यात आहे असं सांगतात. नवीन आलेल्यांना याचा जाच वाटतो. मला वाटत नाही. कचऱ्याचं वर्गीकरण, रविवारी बाटल्या फोडायच्या नाहीत, दुपारी ड्रिल चालवायचं नाही, या सगळ्यामागे एकच विचार आहे की भिंतीपलीकडे माणूस राहतो. नवऱ्यानं जिना पुसला, मी फुटपाथ झाडला. तळमजल्यावरच्या आजी खिडकीतून बघत होत्या. त्यांनी मान डोलावली आणि झाडाचे चार टोमॅटो हातावर ठेवले.

रविवार: रोटेनबेर्ग

लोकलनं उंटरट्युर्कहाइम आणि तिथून बसनं द्राक्षमळ्यांतून वर. श्टुटगार्ट एका वाडग्यासारख्या खोलगट भागात वसलंय आणि भोवतीच्या उतारांवर शहराच्या हद्दीतही द्राक्षं पिकतात. बस वळणं घेत चढते आणि शेवटच्या थांब्याला उतरलं की टेकडीवर घुमटाची एक गोल, पिवळसर इमारत दिसते. ती राणी काथारिनाची समाधी.

हिची कथा मी आधी वाचली होती, पण तिथं उभं राहून ती वेगळीच भिडली. काथारिना रशियाच्या झारची मुलगी. १८१६ साली व्युर्टेंबर्गच्या युवराजाशी लग्न करून इथं आली आणि त्याच वर्षी तो गादीवर बसला. ते वर्ष युरोपात उन्हाळ्याविना गेलं. आदल्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता, त्याची राख आणि गंधकाचे कण आभाळात पसरून ऊन अडलं. इथं जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आणि थंडी, पीक कुजलं, लोक उपाशी. असं का होतंय ते कुणालाच माहीत नव्हतं. ज्वालामुखीशी त्याचा संबंध खूप पुढे लागला.

राजाराणीनं हातावर हात ठेवले नाहीत. राणीनं गरिबांसाठी मदतसंस्था उभ्या केल्या, बचत बँक काढली, मुलींसाठी शाळा काढली. राजानं १८१८ साली होहेनहाइमला शेतीची शिक्षणसंस्था सुरू केली, ती आज विद्यापीठ आहे. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात खाली नेकारकाठच्या कानष्टाटला शेतकऱ्यांसाठी कृषिमेळावा भरवला: उत्तम जनावरांना बक्षिसं, नव्या अवजारांचं प्रदर्शन. हाच पुढे कानष्टाटचा लोकोत्सव झाला. आज लाखो लोक तिथं बिअर प्यायला आणि पाळण्यात बसायला जातात. मैदानाच्या मधोमध फळाफुलांनी, धान्याच्या लोंब्यांनी मढवलेला उंच खांब उभा करतात, तो त्या भुकेनंतरच्या पहिल्या पिकाची आठवण आहे. दरवर्षी आम्ही त्या खांबाखाली मित्रांची वाट बघत उभे राहतो. यंदा तो खांब मी निराळ्या नजरेनं बघणार आहे.

१८१९च्या जानेवारीत राणी गेली. वय अवघं तीस. राजानं आपल्या घराण्याचा मूळ किल्ला या टेकडीवरून उतरवला आणि त्या जागी तिची समाधी बांधली. दारावर कोरलंय: प्रेम कधीच सरत नाही. राजा १८६४ साली गेला, त्यालाही तिच्या शेजारीच ठेवलं.

बाहेर येऊन पायरीवर डबा उघडला. दशम्या आणि दाण्याची चटणी. खाली नेकार नदी, मोटारींचा अवाढव्य कारखाना, स्टेडियम, रेल्वेचे रूळ. समोर मळ्यांचे हिरवे पट्टे. नवरा म्हणाला, "अगं, इथल्या पोराबाळांना हे दुष्काळाचं शाळेत शिकवत असतील का?" शेजारी एक जोडपं दोन मुलांना तांबोराचीच गोष्ट सांगत होतं. तो ऐकत राहिला.

सोमवार

श्रावणी सोमवार आणि दिवसभर पाऊस. साबुदाण्याची खिचडी, ताक, आईला फोन. साताऱ्यातही पाऊस होता. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. दमानं, गार, तासन्‌तास पडत राहतो.

सहाच्या सुमारास उघडलं तेव्हा किलेसबेर्गच्या बाजूला फिरायला गेलो आणि वाइसेनहोफ वसाहत बाहेरून पाहिली. १९२७ साली वास्तुकार मीस फान डेअर रोहे यांच्या देखरेखीखाली इथं नव्या युगाची घरं कशी असावीत याचं प्रदर्शन म्हणून ही वस्ती बांधली. सपाट छपरं, पांढऱ्या भिंती, लांबलचक खिडक्या. नाझींना ती इतकी खुपली की वस्तीच्या फोटोत उंट आणि अरब चिकटवून चेष्टेची पोस्टकार्डं निघाली. यातली ल कॉर्ब्युझिए यांनी आखलेली दोन घरं २०१६ साली जागतिक वारसा यादीत गेली, आणि त्याच नोंदीत चंदीगडचं कॅपिटॉल संकुलही आहे. वास्तुकला शिकलेल्या माझ्या नवऱ्यानं कॉलेजात चंदीगड पाहिलेलं. तो त्या भिंतींशी बराच वेळ रेंगाळला.

मंगळवार: ब्लाउबॉयरन आणि उल्म

नागपंचमी. चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पहाटे पाचला उठून दिंडं उकडली, तुपाची छोटी बाटली घेतली आणि सातच्या गाडीत बसलो. उल्मचा जुना लोहमार्ग फिल्स नदीच्या खोऱ्यानं जातो आणि गाइस्लिंगनला एकदम डोंगर चढतो. हा घाट १८५०चा आहे. गाडी हळू होते, डावीउजवीकडे चुनखडीचे पांढरे कडे येतात आणि वर पोचलं की श्वेबिश आल्बचं पठार. भूगोल समजून घ्यायचा तर असा हळू प्रवास हवा. नव्या वेगवान मार्गावर इथं बोगदेच बोगदे आहेत.

उल्मला गाडी बदलून थोड्याच वेळात ब्लाउबॉयरन. गावाच्या टोकाला ब्लाउटोप्फ नावाचा झरा आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नुसती कठड्याला धरून उभी राहिले. गोल डोह, भोवती झाडं, आणि पाण्याचा रंग निळाशार. कुणीतरी शाई ओतावी असा निळा, पण आरपार स्वच्छ. चुनखडीच्या अतिसूक्ष्म कणांवर उजेड विखुरतो म्हणून हा रंग येतो. पावसानंतर तो हिरवट होतो. कालच्या पावसामुळे एका कडेला हिरवी झाक आलीच होती. डोह सुमारे २१ मीटर खोल, पण खरा पसारा त्याच्या मागे आहे. पठारावर पडलेलं पाणी चुनखडीतून झिरपत, पोखरत, डोंगराखालच्या किलोमीटर-किलोमीटर लांबीच्या गुहांतून इथं येतं. १९८५ साली योखेन हासेनमायर हा पाणबुड्या एकटा त्या बुडालेल्या बोगद्यातून पोहत गेला आणि आत हवेनं भरलेल्या एका प्रचंड दालनात बाहेर निघाला.

डोहाची एक दंतकथा आहे. डॅन्यूबच्या राजाची राणी इथं तळाशी राहायची, कारण ती कधी हसत नव्हती आणि पाच वेळा हसल्याशिवाय तिला जिवंत मूल होणार नव्हतं. गावातल्या एका खानावळवालीनं तिच्याशी मैत्री करून तिला हसवलं. मला आजोळच्या ओढ्यावरच्या साती आसरा आठवल्या. खोल पाण्यात बाई असते, तिला मानानं वागवावं, हे दोन्हीकडच्या माणसांना कुणी न सांगता सुचलं.

गावातल्या उरमू संग्रहालयात तर मी दुपारपर्यंत अडकले. या खोऱ्यातल्या आणि जवळच्या लोन खोऱ्यातल्या गुहांत हिमयुगातली माणसं राहिली. त्यांच्या गुहा २०१७ पासून जागतिक वारसा आहेत. २००८ साली होले फेल्स गुहेत हत्तीच्या नात्यातल्या प्राण्याच्या, मॅमथच्या दातात कोरलेली एक स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम सहा सेंटिमीटर, वय सुमारे ४०,००० वर्षं. डोक्याच्या जागी बारीकसं कडं आहे, म्हणजे कुणीतरी ती दोऱ्यात ओवून अंगावर बाळगत असावं. त्याच वर्षी त्याच गुहेत गिधाडाच्या पंखाच्या हाडाचा पावा निघाला, पाच भोकांचा. बोटं नीट बसावीत म्हणून भोकांच्या कडा तासलेल्या आहेत. तशा पाव्याचा आवाज तिथं ऐकायला मिळतो. बाहेर बर्फ, आत विस्तव, आणि त्या माणसांनी शिकारीतून वेळ काढून सूर जुळवले. भुकेनंतर लगेच संगीत. मी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला.

दिंडं नदीकाठी बाकावर खाल्ली. ब्लाउ नदी याच डोहातून निघते आणि उल्मला डॅन्यूबला मिळते, आम्हीही तिच्या सोबतीनं उल्मला परतलो.

उल्मचं मिन्स्टर हे चर्च १३७७ साली बांधायला घेतलं आणि १८९० साली पुरं झालं. मधली काही शतकं काम ठप्पच होतं. मनोरा १६१.५३ मीटर, शंभराहून अधिक वर्षं जगातल्या कुठल्याही चर्चला एवढी उंची नव्हती. हे राजानं किंवा बिशपनं नव्हे, गावच्या लोकांनी वर्गणी काढून बांधलं. पायाचा दगड बसवणाऱ्यांपैकी कुणालाही कळस दिसणार नव्हता हे माहीत असूनही. शिखरापर्यंत ७६८ पायऱ्या आहेत. आम्ही मधल्या टप्प्यापर्यंत गेलो आणि तिथून डॅन्यूब, जुन्या कोळीवाड्याची तिरकी घरं आणि दक्षिणेची सपाटी पाहिली.

नदीकाठच्या तटावर फिरताना एक गोष्ट मनात घर करून राहिली. अठराव्या शतकात याच धक्क्यावरून हजारो श्वाबियन कुटुंबं सपाट लाकडी होड्यांत बसून डॅन्यूबनं खाली गेली. हंगेरी, बानात या भागांत शेती करायला. होडी परत येत नसे. पोचल्यावर मोडून तिच्या फळ्या विकत. म्हणजे हाही एके काळी पोटासाठी देश सोडणाऱ्यांचा मुलूख होता. याच गावात १८७९ साली आइन्स्टाइन जन्मले, आणि ५४ वर्षांनी त्यांनाही जर्मनी सोडावी लागली. आपला परदेशातला संसार माणसाला फार मोठा, फार वेगळा वाटतो. तटावर उभं राहिल्यावर तो एका जुन्या, लांब रांगेत जाऊन बसला.

बुधवार

कपडे धुणं, इस्त्री, गच्चीतल्या कुंड्या. मेथी खुडली, कोथिंबिरीला तुरे आले होते ते बियाण्यासाठी ठेवले. कढीपत्त्याचं रोप उन्हात. ऑक्टोबरात ते पुन्हा हॉलमध्ये येईल. इथल्या घरांना एसी नसतो. दिवसा खिडक्यांवरचे रोलाडेन खाली ओढायचे आणि रात्री सगळं उघडायचं, की घर गार राहतं.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या आजींना चहाला बोलावलं. आल्याचा चहा त्यांना आवडतो, साखर नको म्हणतात आणि मग घालून घेतात. आठवड्याचा बेत सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "बिर्केनकोप्फला जा. माझ्या आजीआजोबांचं घर तिथं आहे." मग थांबून म्हणाल्या, "म्हणजे त्या डोंगरात."

गुरुवार: ट्यूबिंगन

ट्यूबिंगन हे गाव विद्यापीठाचंच आहे. १४७७ साली काउंट एबरहार्डनं ते स्थापलं आणि आजही रस्त्यावर विद्यार्थीच दिसतात. नेकारवर पूल, पुलाखालून लांब सपाट होड्या. काठीनं तळाला रेटा देत त्या चालवतात. आम्ही बसलेल्या होडीत काठी धरणारी मुलगी भौतिकशास्त्र शिकत होती आणि वाटेतल्या प्रत्येक घराबद्दल प्रेमानं बोलत होती.

काठावर एक पिवळा गोल मनोरा आहे. कवी ह्योल्डरलिन यांचं मन ढळल्यावर, डॉक्टरांनी फार वर्षं जगणार नाहीत असं सांगितल्यावर, झिमर नावाच्या सुतारानं त्यांना १८०७ साली आपल्या घरी आणलं. त्यानं त्यांचं लिखाण वाचलं होतं आणि ते त्याला भावलं होतं, एवढंच नातं. ह्योल्डरलिन तिथं ३६ वर्षं राहिले. सुतार गेल्यावर त्याच्या मुलीनं, लोटेनं, शेवटपर्यंत त्यांची काळजी घेतली. कवीचं नाव सगळ्यांना माहीत असतं. मला त्या खोलीत सुताराबद्दलच विचार येत राहिले.

मग किल्ला. ट्यूबिंगनला यायचं खरं कारण माझ्यासाठी हेच होतं. घरात बाबांच्या टेबलावर आपट्यांचा संस्कृत कोश बघत मी वाढले. त्याच शतकात युरोपात संस्कृतचा सात खंडांचा महाकोश झाला, १८५५ ते १८७५, सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीनं छापलेला. त्यातला वैदिक शब्दांचा भार ज्यांनी उचलला ते रुडोल्फ रोट इथं प्राध्यापक होते आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे प्रमुखही. तेव्हा ग्रंथालय याच किल्ल्यात होतं. रोट कधी भारतात आले नाहीत. या टेकडीवर बसून त्यांनी ऋग्वेदातला एकेक शब्द, तो जिथं जिथं आला तिथं तिथं तपासून, त्याचा अर्थ लावला. काश्मीरमधून आलेली अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची भूर्जपत्रावरची पोथी आजही ट्यूबिंगनच्या ग्रंथालयात आहे.

आणि त्याच वर्षांत, त्याच किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा होती. १८६९ साली फ्रीडरिश मीशर या तरुण स्विस डॉक्टरनं तिथं दवाखान्यातल्या पू लागलेल्या पट्ट्या धुऊन पेशी गोळा केल्या आणि त्यांच्या केंद्रकातून एक अनोळखी पदार्थ वेगळा काढला. त्याला त्यानं न्यूक्लेइन म्हटलं. आज आपण ज्याला डीएनए म्हणतो तो पहिल्यांदा हाती लागला तो इथं. वर ग्रंथालयात वेदातले शब्द सुटे होत होते आणि खाली स्वयंपाकघरात पेशी. दगडी कमानी, गार ओलसर हवा, काचेच्या नळ्या, कोपऱ्यात जुनी चूल. मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, रोट आणि मीशर अंगणात भेटत असतील, हवापाण्याचं बोलत असतील." तो म्हणाला, "एकमेकांना काय काम चाललंय ते सांगत असतील तर किती छान."

वरच्या मजल्यावर फोगेलहेर्ड गुहेतला मॅमथच्या दाताचा चिमुकला घोडा आहे, पाच सेंटिमीटरही नाही, मान कमानीसारखी वळलेली. मंगळवारी ऐकलेल्या पाव्याच्या काळातलाच.

जेवायला केझेश्पेट्झले, म्हणजे मैदा आणि अंड्यांच्या घरगुती शेवया, चीज आणि वर परतलेला कांदा. श्रावणात चालणारं श्वाबियन जेवण मिळतं का, असं अंडं चालणाऱ्या कुणी विचारलं तर हे मागवावं, आणि मसूर घातलेले श्पेट्झलेही, सॉसेज वगळायला सांगून आणि मसुरात मांस नाही ना हे विचारून.

शुक्रवार: बिर्केनकोप्फ

दिवसभर काही केलं नाही. संध्याकाळी आजींचा शब्द पाळला.

बिर्केनकोप्फ शहराच्या पश्चिमेला. जंगलातून गोल गोल वर जाणारी सोपी वाट आहे. दुसऱ्या महायुद्धात श्टुटगार्टवर ५३ हवाई हल्ले झाले. पडलेल्या शहराचा मलबा १९५०च्या दशकात ट्रक भरभरून इथं आणून टाकला, आणि मूळ डोंगराची उंची सुमारे ४० मीटरनं वाढली. आज तो ५११ मीटर आहे. वाटेवर झाडी असल्यामुळे हे ध्यानात येत नाही. माथ्यावर पोचलं की मात्र समोर ढीगच्या ढीग: कोरीव खांबांचे तुकडे, खिडक्यांच्या चौकटी, कमानीचा अर्धा दगड, त्यावर पानाफुलांची नक्षी, कुठं एक अक्षर. एका फलकावर लिहिलंय की हा डोंगर शहराच्या अवशेषांतून रचला, मेलेल्यांच्या स्मरणासाठी आणि जिवंतांना ताकीद म्हणून.

तरुण मुलं दगडांवर बसून गिटार वाजवत होती, कुणी पिझ्झा आणला होता. सूर्य मावळायला नऊ वाजून गेले. आजींच्या आजीआजोबांच्या घराचा दगड कुठला, हे त्यांनाही माहीत नाही. मी सहज एका चौकटीवर हात ठेवला, उन्हानं ती कोमट होती. खाली शहरात दिवे लागत होते, आणि त्या वाडग्यात आमचंही घर होतं. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत हे मी कागदोपत्री जाणत होते. मी मुंबईची नव्हे, तरी त्या संध्याकाळी या गावाशी नातं लागलं ते त्या कागदामुळे नव्हे.

शनिवार: बोडनसे

आठवड्याचा सगळ्यात लांब प्रवास शेवटी ठेवला होता. रीजनल गाडीनं उल्म, बिबराख, राफेन्सबुर्ग करत जवळजवळ तीन तासांनी फ्रीडरिशहाफेन. स्टेशनातून चालत पाण्यावर आलो आणि पलीकडे आल्प्स उभे. हवा स्वच्छ होती, स्वित्झर्लंडमधला झेंटिस, २,५०२ मीटरचा, माथ्याच्या घड्यांसकट दिसत होता.

बोडनसे या तळ्याचं क्षेत्रफळ ५३६ चौरस किलोमीटर, काठ तीन देशांचे: जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड. मोठ्या मुख्य भागात या देशांची सीमारेषा नेमकी कुठून जाते याचा करार आजवर झालेलाच नाही. तरी बोटी चालतात, मासेमारी चालते, कुणाचं काही अडत नाही. सीमेवरून इतकं काही ऐकत वाढलेल्या आपल्याला हे विलक्षण वाटतं. याच गावात काउंट झेपेलिननं आकाशनौका बांधली आणि २ जुलै १९०० रोजी ती पहिल्यांदा या तळ्यावर उडाली. आजही उन्हाळ्यात नव्या घडणीची झेपेलिन पर्यटकांना घेऊन फिरते. धक्क्यावर उभे असतानाच एक डोक्यावरून गेली, मंद घरघर करत, आणि सगळा धक्का वर बघू लागला.

बोटीनं मेर्सबुर्गला गेलो. किनाऱ्यालगत द्राक्षमळे, सफरचंदाच्या बागा, वर कड्यावर जुना किल्ला. उतरल्यावर आधी पाण्यात पाय सोडले. काठ गोट्यांचा, पाणी थंड आणि तळ दिसेल इतकं निर्मळ. नवरा पोहून आला. मी थालीपीठ आणि लिंबाचं लोणचं उघडलं.

इथून वायव्येला तळ्याचा एक फाटा आत जातो आणि त्याच्या काठी झिप्लिंगन गाव आहे. तिथं ६० मीटर खोलीवरून पाणी उपसून डोंगरावर चढवतात, शुद्ध करतात आणि मोठ्या नळांनी उत्तरेकडे सोडतात. १९५८ पासून हे चालू आहे. राज्यातल्या सुमारे ४० लाख लोकांना ते मिळतं, श्टुटगार्टच्या बऱ्याच भागालाही. तळं शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलं तरी आमचा चहा, आमचं वरण, कुंडीतली मेथी या पाण्यावर चालली आहे. बाकी सात दिवस मी जे पाहिलं ते इतिहास होता, हे मात्र रोजचं. या तळ्यात काय सोडलं जातं, काठच्या शेतांवर कसली फवारणी होते, हिवाळ्यात डोंगरांवर बर्फ किती पडतो, याची विचारपूस आता आमच्याही घरात व्हायला हवी.

परतीच्या बोटीवर गर्दी होती. माइनाउ बेटावरची फुलं, लिंडाउच्या बंदरावरचा सिंह, कोन्स्टान्झ, सगळं राहिलं. बोटी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतात. गाडी राफेन्सबुर्ग सोडायच्या आत नवऱ्यानं सप्टेंबरमधला एक शनिवार कॅलेंडरवर लिहून टाकला, आणि आजी येतील का ते विचारायचं मी अंगावर घेतलं.